काढण्याआधी खूण

३ फेब्रुवारी, मंगळवार

विहीणबाईंना सप्रेम नमस्कार,

पाकिटावर तुमच्या घराऐवजी गॅरेजचा पत्ता बघून दचकला असाल. कारण सांगतो, पण आधी वचन द्या की हे पत्र तुमच्या सुनेच्या, म्हणजे माझ्या लेकीच्या, हाती पडू देणार नाही. फोन केला असता, पण तुमच्या घरचा फोन तीच उचलते. मोबाइलवर कळवलं असतं, तर माझा मोबाइल तिनेच लावून दिलाय आणि मी काढलेला प्रत्येक फोटो आपोआप तिच्याकडे जातो. परवा चुकून स्वतःच्या चपलेचा फोटो निघाला, तर पाच मिनिटांत तिचा फोन, की बाबा, पडलात का. तेव्हा आता टपालखात्याशिवाय मला कोणी वाली नाही.

विषय गाडीचा. आमची गाडी, वय वर्षं चोवीस, शनिवारी वार्षिक तपासणीत नापास झाली. तपासणीवाल्याने ती वर उचलली, मला खाली बोलावलं आणि मागच्या डाव्या चाकाकडे जाणारा ब्रेकचा पाइप दाखवला. गंजून त्याला पापुद्रे सुटलेत. त्याने नखाने एक उडवून दाखवला आणि म्हणाला, काका, ज्या दिवशी जोरात ब्रेक माराल त्या दिवशी हा फुटेल, तेल बाहेर जाईल आणि तुम्ही पुढे जाल. गाडी दोरीने ओढत घरी आणावी लागली. सव्वीस तारखेला पुन्हा बोलावलंय. तेव्हाही नापास झाली तर संपलंच.

लेक म्हणते, द्या भंगारात. वर असंही म्हणते की पास झाली तरी मी माझ्या मुलीला तुमच्या गाडीत बसवणार नाही. हे ती वर्षभर म्हणतेय आणि दर वेळी मला ते लागतं. इथल्या गॅरेजवाल्याला विचारलं, तर त्याने गाडीकडे बघून मान हलवली आणि माझ्या हातात नव्या गाड्यांचं माहितीपत्रक ठेवलं. म्हणून मी ठरवलंय की पाइप स्वतः बदलायचा. तुम्ही तीस वर्षं ब्रेकचे पाइप घातलेत. मी तीस वर्षं कचेरीत बसून नकाशे काढलेत. पाइप म्हणजे शेवटी एक जाड रेघ, अशी मनाची समजूत घातली आहे. बाकी तुम्ही सांगाल तसं.

जाता जाता एक गंमत. तपासणीवाला आत बसला आणि त्याने सीट मागे घ्यायला हात घातला. मी सांगितलं की ती गंजून बसलीय, सरकत नाही. बिचारा गुडघे छातीशी घेऊन बसला. मी रोजच तसा बसतो, म्हणून त्याला माझ्याकडून सहानुभूती मिळाली नाही.

आपला,
व्याही


६ फेब्रुवारी, शुक्रवार

व्याहीबुवांना नमस्कार,

तुमचं पत्र आलं तेव्हा गॅरेजमध्ये तीन गिऱ्हाइकं होती आणि आमचे हे. निळ्या शाईतलं सुबक अक्षर, वर 'खासगी' असं अधोरेखित. पोस्टमनने ते मला दिलं आणि जायचं नावच घेईना. ह्यांनी कुणाचं म्हणून विचारलं, तर मी म्हटलं, व्याह्यांचं, आणि सुनेला कळू द्यायचं नाहीये. तेव्हापासून हे पान्याशी बोलत हसतायत. एवढ्या वर्षांत मला कुणी चोरून पत्र लिहिलं नव्हतं. लिहिलं, तर त्यात गंजलेला पाइप.

खरं सांगू का, मी नाहीच म्हणणार होते. ब्रेक म्हणजे नळाची तोटी नव्हे, की गळली तर खाली बादली लावली. पण काल सून नातीला म्हणाली की आजोबांची गाडी आता जाणार, आणि पोरगी ताटावरून उठून गेली. त्या गाडीच्या मागच्या काचेवर तिने नाक दाबून ठसा उमटवलाय म्हणे, तो कोण नेणार, हे तिचं रडणं. तेव्हा सांगते. पण मी सांगेन तस्सं करायचं. स्वतःची अक्कल नकाशापुरती ठेवायची.

नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही. खाली लोखंडी स्टँड लावा, आणि काढलेलं चाकही आडवं करून गाडीच्या पोटाखाली सरकवा. स्टँडने दगा दिला तर चाक असेल. गंजलेल्या नटांवर गंज सोडवायचं तेल मारा आणि दोन दिवस त्यांच्याकडे ढुंकूनही बघू नका. जुना पाइप निघाला की फेकायचा नाही, नवा त्याच्याच मापाने वाकवायचा असतो.

आणि आमच्या गॅरेजचा एकच कायदा आहे, तो पाठ करा. काढण्याआधी खूण करायची. पाइप कुठे वळतो, कुठल्या क्लिपमध्ये बसतो, कुठल्या नटात जातो, सगळीकडे नेलपॉलिशचा ठिपका. खडू पुसला जातो, पेन ग्रीसवर उठत नाही, नेलपॉलिश राहतं. मी लग्न होऊन आले तेव्हा माझ्या हातात सारखी बाटली बघून सासूबाईंना वाटायचं, सून फार नटते. मी नट रंगवत होते. खूण असली की काढायची भीती वाटत नाही बघा. वस्तू परत तिच्या जागी जाणार, हे ठाऊक असतं.

त्याच तेलाचे चार थेंब सीटच्या रुळातही सोडा. एवढा उंच माणूस, आमच्याकडे येता तर चौकटीला कपाळ आपटून येता, आणि गाडीत घडी घालून बसता. हे काय वागणं झालं?

तुमची,
विहीण


१० फेब्रुवारी, मंगळवार

विहीणबाईंना सप्रेम नमस्कार,

आज्ञेप्रमाणे गाडी स्टँडवर आहे, चाक पोटाखाली आहे आणि मी चाकाशेजारी आहे. गाडीखालचं जग फार वेगळं असतं. चोवीस वर्षं आपण जिच्यात बसलो तिला खालून बघणं जरा संकोचाचं वाटतं.

मी पाइपचा नकाशा काढला. तीन मोठे कागद जोडून, जसाच्या तसा, एकास एक प्रमाणात, वळणांच्या कोनांसकट. लांबी एक हजार चारशे सव्वीस मिलिमीटर. तुम्ही हसणार हे माहीत आहे, हसा.

नेलपॉलिशचा प्रश्न होता. आमच्या घरात ते कुठून असणार असं वाटलं, पण कपाटाच्या खणात एक बाटली सापडली. लाल, जरा भडकच. तुमच्या लक्षात असेल, लेकीच्या लग्नात हिने लावलं होतं. तेवढंच एकदा. दुसऱ्या दिवशी बसून खरवडून काढलं, कारण म्हणे गाडी चालवताना स्टिअरिंगवरचे हात कुणाचे तेच कळेना. तुम्हाला माहीतच आहे, आमच्यात गाडी तीच चालवायची आणि मी शेजारी नकाशा धरून बसायचो. इतक्या वर्षांत बाटली सुकून खडा झाली होती, त्यात नेलपॉलिश काढायच्या द्रवाचे थेंब टाकून पुन्हा पातळ केली. सगळ्या खुणा छान उठल्यात.

आता वाईट बातमी. मागच्या चाकाजवळचा नट निघाला नाही. पाना घसरला आणि नटाचे कोपरे गुळगुळीत झाले. माझ्या बोटांचे सांधेही सोलले. नट आता गोल आहे, मी त्याच्याकडे बघतो आणि तो माझ्याकडे.

सीटला तेल घातलं. उपयोग नाही.

आपला,
व्याही


१२ फेब्रुवारी, गुरुवार

व्याहीबुवा,

हसले. हे इतके हसले की गिऱ्हाइकाने बाहेरून वाकून बघितलं. चौदाशे सव्वीसमधले सव्वीस मिलिमीटर कुठून मोजलेत, ते त्यांना शिकायचंय.

नट गोल झाला तर रडायचं नाही, सगळ्यांचे होतात. पाइप तसाही मेलेलाच आहे. नटाच्या अगदी जवळ करवतीने तो कापून टाका, म्हणजे वरून बंद तोंडाचा पाना थेट बसेल. सहा कोनी घ्या, बारा कोनी नको. एका दमात, झटका न देता फिरवा. निघाला की भोकाला लगेच रबरी टोपी लावा, नाहीतर सगळं ब्रेक ऑइल तुमच्या नकाशावर. आणि ते ऑइल रंगावर सांडलं तर रंग खातं, लगेच पाण्याने धुवा.

सोबत पार्सल पाठवतेय. तांब्याच्या मिश्रधातूच्या पाइपचं भेंडोळं, चार नट आणि पाइपचं तोंड फुलवायचं माझं यंत्र. फुलवलेलं तोंड नटाने दाबून बसतं, तेव्हा तेल गळत नाही. आधी तुकड्यावर दहादा करून बघा. जुन्या पाइपचं तोंड जसं दिसतं तसंच यायला हवं. हे यंत्र मी गेली एकोणीस वर्षं कुणाच्या हातात दिलेलं नाही, माझ्या मुलाच्याही नाही. समजून वापरा.

सीटचं मला पटलेलं नाही. तेलाने हलली नाही अशी सीट मी अजून बघायची आहे. रुळाच्या टोकाला लाकडी ठोकळा धरा आणि हातोडीने हलकेच ठोका. नाहीच झालं तर खालचे चार बोल्ट काढून अख्खी बाहेर घ्या, मी पुढचं सांगते. फोटो पाठवू नका, चपलेचा पुरे झाला.

विहीण


१८ फेब्रुवारी, बुधवार

विहीणबाईंना सप्रेम नमस्कार,

पार्सल मिळालं. कबुलीजबाब लिहितोय, तो तुमच्या ह्यांना वाचून दाखवू नये.

सरावाची तोंडं उत्तम आली. रविवारी सकाळी मी पाइप मापात कापला, टोक घासलं, यंत्रात धरलं आणि असं सुंदर तोंड फुलवलं की मी ते दाराच्या उजेडात नेऊन बघितलं. मग नट घालायला गेलो. नट जाईना. फुलवलेल्या तोंडावरून नट जात नाही, विहीणबाई. तो आधी पाइपवर ओवायचा असतो. हे तुम्ही लिहिलं नव्हतंत, कारण हे कुणाला सांगावं लागेल असं तुम्हाला वाटलं नसेल.

तोंड कापून टाकलं, नट ओवला, पुन्हा फुलवलं. तृप्त झालो. मग दुसरं टोक घेतलं आणि त्याचाही नट विसरलो. ते कापलं. तिसऱ्यांदा नट आठवणीने ओवला, पण उलटा. एव्हाना पाइप माझ्या नकाशापेक्षा चांगला दोन इंच तोकडा झाला होता. संध्याकाळी नकाशा पुन्हा तपासला. कोन बरोबर, मापं बरोबर, त्यात नट मात्र एकही दाखवलेला नाही.

भेंडोळ्यातून दुसरा तुकडा घेतला. या वेळी आधी दोन्ही नट ओवले, त्यांना चिकटपट्टी लावली, मग श्वास घेतला. काल पाइप बसला. सगळ्या लाल ठिपक्यांवरून गेला आणि क्लिपांमध्ये टकटक करत बसला. खरं सांगतो, गाडीखाली पडल्या पडल्या मला फार आनंद झाला.

आता आत शिरलेली हवा काढायची. गाडीच्या पुस्तकात लिहिलंय की एकाने पेडल दाबायचं आणि दुसऱ्याने चाकाजवळचा निपल, म्हणजे हवा सोडायचा बारीक स्क्रू, उघडायचा. मी एकटा आहे. शेजारी महिनाभर बाहेरगावी आहेत. एकट्याने जमण्यासारखं काही असेल तर कळवा, सव्वीस तारीख जवळ आली.

सीटचा विषय आता राहू द्यावा ही विनंती. सीट आहे तिथे बरी आहे.

आपला,
व्याही


२१ फेब्रुवारी, शनिवार

व्याहीबुवा,

हे पत्र टपालाने आलेलं नाही, हे पाकीट घेताना कळलंच असेल. जिने हातात दिलं तिला आधी आत घ्या, पाणी विचारा. रागवायचं ते नंतर, आणि माझ्यावर.

नटाचं वाचून मला ठसका लागला, ते आधी सांगून टाकते. मी स्वतः पहिल्या वर्षी सहा तोंडं अशीच फुकट घालवली होती. ह्यांना अजून माहीत नाही, तुम्हीही सांगू नका. म्हणजे आता आपलं एकमेकांचं एकेक गुपित झालं.

पण तुमचं मी राखलं नाही. तुमचं शेवटचं वाक्य वाचलं आणि मला काही ते सोडेना. दोन आठवडे तुम्ही पाइपवर पानंच्या पानं लिहिताय आणि सीटवर एक ओळ. नकाशेवाला माणूस, गंजलेली वस्तू तिचं माप न सांगता सोडून देतो? काल भांडी आवरताना मी सुनेला सहज विचारलं, की तुझ्या बाबांच्या गाडीची सीट किती वर्षं गंजलीय गं. ती म्हणाली, "कुठली गंजतेय. गेल्या वर्षी मी चालवली तेव्हा एका बोटाने सरकली होती. दुसऱ्या दिवशी बघते तर बाबांनी परत पुढे आणलेली. आई बसायची तिथे."

आणि मग ती ओट्याला टेकून रडली. मला सगळं सांगावं लागलं, तुमची पत्रं, पाइप, सगळं.

व्याहीबुवा, मी तुमच्या जागी असते तर मीही ती सीट हलवली नसती. कुणी तेल घाला, हातोडी मारा असं लिहिलं असतं, तर तीच हातोडी त्याला पार्सलने पाठवली असती. तुम्ही नुसती विनंती केलीत. मला फार लाज वाटली.

आता तिने जे सांगितलं ते ऐका, कारण ती तुम्हाला सांगू शकत नाही. ती मुलीला तुमच्या गाडीत बसवत नाही, ते गाडी जुनी म्हणून नाही. मागे एकदा ती शेजारी बसली होती आणि चौकात एक सायकलवाला आडवा आला. तुमचा गुडघा स्टिअरिंगखाली अडकला आणि पाय ब्रेकवर उशिरा गेला. सायकलवाला वाचला. तुम्हाला ते जाणवलंही नसेल. तिला जाणवलं. पण आईची जागा हलवा असं बापाला कुठल्या तोंडाने सांगायचं, म्हणून ती गाडीच्या वयावर घसरते.

मी ब्रेकवाली आहे. मला एवढंच कळतं, की पाइप कितीही नवा असला तरी ब्रेक पायापासून सुरू होतो. सीट हलवा असं मी म्हणणार नाही. आमचा कायदा तुम्हाला पाठ आहे.

आता लेकीला पेडलवर बसवा. सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करायची. तिने दाबायचं, धरून ठेवायचं, तुम्ही निपल बंद केल्याशिवाय सोडायचं नाही. निपलला नळी लावून तिचं टोक ऑइल भरलेल्या बरणीत बुडवा, त्यात बुडबुडे यायचे थांबेपर्यंत हेच करायचं. बॉनेटखालच्या डबीतलं ऑइल मध्ये संपू देऊ नका, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून.

विहीण


२७ फेब्रुवारी, शुक्रवार

विहीणबाईंना सप्रेम नमस्कार,

या खेपेला पाकिटावर घरचा पत्ता आहे. तुमच्या पोस्टमनची निराशा झाली असणार.

रविवारी दार उघडलं तर लेक उभी, हातात तुमचं पाकीट. मी तिथेच उभ्याने वाचलं. ती चपला न काढता तशीच थांबली होती. वाचून झाल्यावर मी म्हटलं, चल, हवा काढू.

ती सीटवर बसली. तीही माझ्याच उंचीची, पण तिने सीटला हात लावला नाही. गुडघे पोटाशी घेतले आणि पेडलवर पाय ठेवला. मी खाली गेलो. खालून मी म्हणायचो दाब, ती म्हणायची दाबलं. मी म्हणायचो धर, ती म्हणायची धरलं. मग बरणीत बुडबुडे. असं एकेक चाक घेत गेलो. आम्ही बापलेक तीन वर्षांत इतका वेळ एका कामावर एकत्र नव्हतो. शेवटच्या चाकाला वरून आवाज आला, की बाबा, पेडल दगडासारखं घट्ट लागतंय, आणि माझे पाय बधिर झालेत. मला गाडीखाली हसू आलं आणि त्याच्याबरोबर बाकीचंही सगळं आलं. तिथे कुणी बघत नव्हतं, ते बरं झालं.

बाहेर येऊन हात पुसले आणि लाल बाटली घेतली. सीटच्या रुळावर, ती जिथे अडकते त्या खाचेपाशी, एक ठिपका दिला. तो जरा लांबट आला. वाळेपर्यंत आम्ही दोघं दारात बसलो. मग मी कळ ओढली आणि सीट मागे घेतली. पाच खाचा. एका बोटाने सरकली, तिने तुम्हाला सांगितलं तशीच.

मग मी आत बसलो. पाय इतके मोकळे झाले की कुठे ठेवावेत ते कळेना. उजवा पाय ब्रेकवर असा गेला की जणू त्याला कुणी कधी अडवलंच नव्हतं. विहीणबाई, ही गेल्यापासून तीन वर्षं मी ती गाडी हिच्या जागी बसून चालवली आणि मला वाटायचं मी हिची जागा सांभाळतोय. तेव्हा तो सायकलवाला आठवला. तुम्ही म्हणालात ते खोटं, मला तेव्हाच जाणवलं होतं.

काल गाडी पास झाली. तपासणीवाल्याने खाली जाऊन पाइपवरून बोट फिरवलं आणि हे कुठल्या गॅरेजचं काम म्हणून विचारलं. मी तुमच्या गॅरेजचं नाव सांगितलं. ते खोटं आहे असं मला वाटत नाही. मग तो आत बसला, सवयीने आधी गुडघे वर घेतले, सीट मागे आहे हे कळल्यावर माझ्याकडे बघितलं आणि पाय लांब केले. रुळावरच्या ठिपक्याला मात्र त्याने नखाने खरवडून बघितलं, गंज आहे का म्हणून. मी त्याचा हात धरला.

यंत्र उद्याच्या पार्सलने येईल, पुसून, तेल लावून. पुढच्या रविवारी मात्र गाडी घेऊन मीच येतोय, नातीला मागच्या सीटवर बसवून चक्कर मारायला. लेकीने परवानगी दिली आहे. जाताना ती एवढंच म्हणाली, की तो ठिपका कधी पुसू नका, पोरगी आजीवर गेलीय, बालवर्गात सगळ्यात बुटकी आहे, अठराची झाली की तिला सीट तिथेच लागेल.

म्हणजे आता ही गाडी अजून चौदा वर्षं टिकवायला हवी. यानंतर गंजणारा पाइप कुठला असतो, तेवढं कळवा. नट आधी ओवेन.

आपला,
व्याही